हमरस्त्यालगतचं घर, जनुकं आणि हृदय: कोणाचा वाटा किती?

तिठा (धागाकर्ता)

प्रदूषणाच्या प्रत्येक धाग्यावर गाडी फुफ्फुसांपाशी येऊन थांबते. दमा, खोकला, मास्क, संपलं. प्रत्यक्षात हवेच्या प्रदूषणामुळे जे मृत्यू होतात, त्यांत हृदयविकार आणि पक्षाघात यांचा वाटा फार मोठा आहे. म्हणून हा धागा फक्त हृदयापुरता.

सुरुवात अंतरापासून करू. एसेन, म्युलहाइम आणि बोखुम ही जर्मनीच्या रूर भागातली तीन शहरं. तिथल्या ४,४९४ लोकांच्या हृदयाचा सीटी काढून धमन्यांत साचलेलं कॅल्शियम मोजलं आणि प्रत्येकाच्या घरापासून मोठा रस्ता किती लांब, तेही मोजलं. निकाल २००७ साली आला. रस्त्यापासून २०० मीटरपलीकडे राहणाऱ्यांशी तुलना केली, तर ५० मीटरच्या आत राहणाऱ्यांत वयाच्या मानाने जास्त कॅल्शियम सापडण्याचे ऑड्स (सापडणं आणि न सापडणं यांचं गुणोत्तर) ६३ टक्क्यांनी अधिक होते. ५१ ते १०० मीटरमध्ये ३४ टक्के, १०१ ते २०० मध्ये जेमतेम ८. उतार बघा कसा आहे. पहिल्या शंभर मीटरमध्येच बहुतेक खेळ आटोपतो.

आता जनुकं. एकाच इमारतीत, एकाच मजल्यावर दोन माणसं वीस वर्षं राहतात, एकाच्या धमन्या स्वच्छ आणि दुसऱ्याला पन्नाशीत स्टेंट. फरक कशाचा? साखर, तंबाखू, रक्तदाब हे तर आहेच. पण रस्त्याच्या हवेला कोणाचं शरीर किती प्रतिसाद देतं, यातही जनुकांचा हात आहे. जाणकारांनी भर घालावी. 'माझे आजोबा नव्वद वर्षं जगले' छापाचे प्रतिसाद कृपया नकोत.

---

हंसध्वनी

चांगला विषय. धूर नाकात जातो आणि त्रास हृदयाला होतो, हे कसं, ते आधी मांडतो. वाटा तीन आहेत.

पहिली वाट दाहाची. कण फुफ्फुसाच्या वायुकोशात उतरतात, तिथल्या पेशी ते गिळायला धावतात आणि त्या झटापटीत दाह वाढवणारी रसायनं रक्तात सुटतात. त्यातून धमन्यांचं आतलं अस्तर बिघडतं, रक्त गोठण्याकडे झुकतं. याला तास ते दिवस लागतात.

दुसरी वाट मज्जातंतूंची. श्वासमार्गातल्या संवेदकांना चिथावणी मिळाली की स्वायत्त मज्जासंस्थेचा तोल ढळतो, ठोक्यांमधली नैसर्गिक कमीजास्त घटते, रक्तदाब चढतो. हे मिनिटांत होतं.

तिसरी वाट थेट रक्तात. एडिनबर्गच्या संशोधकांनी १४ निरोगी स्वयंसेवकांना सोन्याचे अतिसूक्ष्म कण हुंगायला दिले. सोनंच का, तर ते शरीरात एरवी नसतं आणि कशाशी अभिक्रियाही करत नाही, त्यामुळे सापडलं तर बाहेरूनच आलं हे नक्की. ते रक्तात सापडलं, लघवीत सापडलं, तीन महिन्यांनीही सापडलं. ज्या रुग्णांची मानेच्या धमनीची शस्त्रक्रिया होणार होती, त्यांच्या काढलेल्या चरबीच्या थरातही ते निघालं. म्हणजे कण जिथे आधीच जखम आहे तिथे जाऊन बसतात. हे २०१७ चं काम.

अचानक होणाऱ्या परिणामाचा सगळ्यात बोलका आकडा जर्मनीतल्याच आउग्सबुर्गचा आहे. हृदयविकाराच्या झटक्यातून वाचलेल्या ६९१ जणांच्या आधीच्या चार दिवसांच्या नोंदी तपासल्या. वाहतुकीत असताना, मग ती मोटार असो, बस असो की सायकल, त्यानंतरच्या तासाभरात झटक्याची शक्यता सुमारे २.९ पट. यात धूर किती, आवाज किती, ताण किती हे वेगळं काढता आलेलं नाही. बसमध्ये बसलेल्यांनाही धोका दिसला, त्यामुळे सगळं खापर गाडी चालवण्याच्या वैतागावर फोडता येत नाही, एवढंच.

---

रानजाई

जनुकांचं माझ्याकडे. तीन वेगवेगळ्या गोष्टी एकाच पोत्यात भरल्या जातात, त्या सुट्या करते.

एक. हृदयविकाराचा धोका सरळ वाढवणारी जनुकं, धूर असो वा नसो. क्रोमोसोम ९ वरचा ९पी२१ हा भाग २००७ साली सापडला, तो यातला. लिपोप्रोटीन(ए) (रक्तातून कोलेस्टेरॉल वाहणारा एक कण) ठरवणारं एलपीए जनुक आणि एलडीएल (म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल) जन्मापासून चढं ठेवणारे दोष, हेही यातलेच.

दोन. धुराला प्रतिसाद किती तीव्र, हे ठरवणारी जनुकं. जीएसटीएम१ हे जनुक शरीरात शिरलेली ऑक्सिडीकारक घाण निकामी करणारं एन्झाइम बनवतं. युरोपीय वंशाच्या जवळपास निम्म्या लोकांत हे जनुक सपशेल गायब असतं. बोस्टनच्या वयस्कर पुरुषांच्या एका दीर्घ अभ्यासात आधीच्या ४८ तासांत पीएम २.५ (हवेतले २.५ मायक्रॉनहून बारीक कण, मोजतात दर घनमीटरला मायक्रोग्रॅममध्ये) दर १० मायक्रोग्रॅमने वाढलं की हे जनुक नसलेल्यांत ठोक्यांच्या कमीजास्तीचा एक घटक ३४ टक्क्यांनी घसरला. जनुक असलेल्यांत घसरण दिसली नाही. आणि गंमत म्हणजे जनुक नसूनही जे स्टॅटिन (कोलेस्टेरॉल उतरवणारं औषध) घेत होते, त्यांच्यातही ती दिसली नाही.

तीन. रस्त्याजवळ राहण्याशी जोडी जमवणारी जनुकं. नॉर्थ कॅरोलायनात ड्यूक विद्यापीठाच्या कॅथलॅबमध्ये २००१ ते २०१० या काळात अँजिओग्राफीला आलेल्या सुमारे ९,३०० रुग्णांचा रक्तसाठा आहे. त्यातल्या काहींचे पत्ते, वाहतुकीचा अंदाज आणि जनुकांचा नकाशा एकत्र पाहिला, तेव्हा क्रोमोसोम १ वरचा पीआयजीआर आणि एफसीएएमआर या जनुकांचा भाग वर आला. पीआयजीआर काय करतं? श्वासमार्गाच्या ओल्या अस्तरावर आयजीए प्रतिपिंडं पोचवतं. म्हणजे धागा पुन्हा फुफ्फुसाच्या दारापाशीच जातो. त्याच साठ्यात पायांच्या धमन्यांच्या आजारासाठी हाडांच्या वाढीशी संबंधित बीएमपी कुटुंबातली जनुकं निघाली.

तिसऱ्या गटाबद्दल मी सावध आहे. लाखो जागा तपासल्या की काही योगायोगाने चमकतातच. शिवाय अँजिओग्राफीला आलेली माणसं म्हणजे आधीच छातीत दुखणारी माणसं, सर्वसामान्य लोकसंख्या नव्हे.

---

अर्धवटराव

रक्तगटाचं काय ते? ओ गटवाल्यांना प्रदूषणाचा त्रास कमी होतो, असं व्हॉट्सॅपवर फिरतंय.

---

रानजाई

@अर्धवटराव, पूर्ण खोटं नाही, पण अर्धवट आहे (नावाला जागलात). अमेरिकेतल्या युटा राज्यात सॉल्ट लेक खोऱ्यात हिवाळ्यात थंड हवेवर उबदार हवेचं झाकण बसतं आणि धूर दिवसेंदिवस डोंगरांच्या मध्ये कोंडतो. तिथल्या इंटरमाउंटन मेडिकल सेंटरने झटक्याने दाखल झालेल्या रुग्णांचा अभ्यास २०१७ मध्ये मांडला. पीएम २.५ जेव्हा २५ मायक्रोग्रॅमच्या वर जातं, त्यापुढे दर १० मायक्रोग्रॅमला ए, बी आणि एबी गटांत झटक्याचा धोका सुमारे २५ टक्क्यांनी वाढला. ओ गटात १० टक्क्यांनी.

दोन गोष्टी लक्षात घ्या. ओ गटातही वाढ आहेच, शून्य नाही. दुसरं, हा अभ्यास कोंदट दिवसांचा आहे, घर रस्त्यापासून किती मीटर याचा नाही. कारणाबद्दल बोलायचं तर ओ नसलेल्यांच्या रक्तात व्हॉन विलेब्रांड घटक जास्त असतो, साधारण चतुर्थांशाने. रक्त गोठण्यात त्याचं काम असतं. त्यामुळे जुळणी पटण्याजोगी आहे. आपल्याकडे ओ आणि बी हेच दोन गट सगळ्यात जास्त आढळतात, त्यामुळे हा विषय भारतात नीट तपासला जायला हवा. पण रक्तगट बघून घर घेऊ नका.

---

मोजपट्टी

जनुक आणि रस्ता यांचं गणित बहुतेकदा चुकीचं मांडलं जातं. समजा (हे आकडे केवळ उदाहरणादाखल), एका वयोगटात दहा वर्षांत १००० पैकी १०० जणांना झटका येतो. रस्त्याजवळ राहिल्याने धोका १.२ पट होतो आणि वाईट जनुकांनी १.५ पट.

बरी जनुकं, रस्त्यापासून लांब: १००
बरी जनुकं, रस्त्यालगत: १२०
वाईट जनुकं, लांब: १५०
वाईट जनुकं, रस्त्यालगत: १८०

पटीत बघितलं तर दोघांनाही रस्त्याने १.२ पटच केलं. 'जनुक आणि रस्ता यांची परस्परक्रिया नाही' म्हणून पेपर फाइलबंद होईल. पण माणसं मोजा. पहिल्या गटात रस्त्याने २० जणांना पाडलं, दुसऱ्यात ३० जणांना. तोच रस्ता, तोच धूर. त्यामुळे जनुकांचा धोका जास्त असलेल्या माणसाने रस्त्यापासून लांब जाण्याचा फायदाही जास्त आहे, त्यासाठी जीएसटीएम१ सारखं खास जनुक सापडायची गरज नाही.

'जनुकातच आहे तर काय करणार' हे वाक्य म्हणूनच उलटं आहे. २०१६ साली ५५,००० हून जास्त लोकांच्या माहितीवरून दिसलं, की ज्यांची जनुकं सगळ्यात वाईट गटात होती त्यांच्यात चांगल्या सवयींनी (तंबाखू नाही, स्थूलता नाही, हालचाल, नेटका आहार) झटके सुमारे ४६ टक्क्यांनी कमी होते.

---

कुंपण

जनुकीय चाचण्यांची जाहिरात सगळीकडे आहे. लाळ पाठवा, धोका कळवू. घ्यावी का?

---

रानजाई

या कामासाठी नको. त्या चाचण्या धोक्याचे जे गुण देतात, त्यांचा पाया मुख्यतः युरोपीय वंशाच्या लोकांवर बेतलेला आहे, दक्षिण आशियाई लोकांत ते तेवढे नेमके चालत नाहीत. जीएसटीएम१ आहे की नाही हे कळून डॉक्टर वेगळं काहीच करणार नाहीत. त्याऐवजी रक्ताच्या दोन चाचण्या जनुकांचं बरंच सांगतात आणि त्यांवर कृतीही करता येते.

पहिली लिपोप्रोटीन(ए). आकडा बहुतांशी जनुकं ठरवतात, म्हणून आयुष्यात एकदा केली तरी पुरते. ५० मिलिग्रॅम प्रति डेसिलीटर किंवा १२५ नॅनोमोल प्रति लीटरच्या वर म्हणजे धोका. दर चार भारतीयांत साधारण एक जण त्या रेषेच्या वर असतो. गोंधळ होतो तो एककांचा. एका लॅबचा रिपोर्ट मिलिग्रॅममध्ये, दुसऱ्याचा नॅनोमोलमध्ये, आणि लोक २.५ ने गुणून मोकळे होतात. हा रेणू माणसागणिक लहानमोठा असतो, त्यामुळे गुणाकार विश्वासाचा नाही. थायरॉइड मंदावलेला असेल किंवा मूत्रपिंडाचा आजार असेल तर आकडा वाढलेला दिसू शकतो. स्टॅटिनने हा आकडा उतरत नाही, पण एलडीएल खाली आणून एकूण धोका कमी करता येतो.

दुसरी साधी लिपिड प्रोफाइल. औषध नसताना एलडीएल १९० च्या वर आणि घरात लवकर झटक्याचा इतिहास असेल, तर कौटुंबिक हायपरकोलेस्टेरोलेमियाचा (घराण्यात चालत आलेल्या चढ्या कोलेस्टेरॉलचा) विचार करा. टाचेमागच्या कंडरेवर गाठी हे जवळपास सहीशिक्का समजा. अशा माणसाच्या भावंडांची, मुलांचीही तपासणी व्हायला हवी.

---

हंसध्वनी

रानजाईंशी सहमत. एक भर. भारतीय उपखंडात सुमारे ४ टक्के लोकांत एमवायबीपीसी३ या जनुकातला २५ अक्षरांचा तुकडा गळलेला असतो. त्याने हृदयाच्या स्नायूचा आजार आणि पुढे हार्ट फेल्युअरचा धोका वाढतो. हे हैदराबादच्या सीसीएमबी या जीवशास्त्र संशोधन संस्थेच्या सहभागाने २००९ साली पुढे आलं. तो स्नायूचा दोष आहे, धमनीतल्या गुठळीचा नव्हे. घरात तरुणपणी हार्ट फेल्युअर झालेलं कोणी असेल तर इकोकार्डिओग्राम करून घ्या.

---

मोजपट्टी

आता घरी काय मोजायचं त्याबद्दल, कारण इथे सगळ्यात जास्त पैसे वाया जातात.

एक्यूआय (हवेच्या गुणवत्तेचा निर्देशांक) बघून रस्त्याचा अंदाज येत नाही. आपल्या एक्यूआयमध्ये सगळ्या घटकांपैकी जो उपनिर्देशांक सर्वात वाईट, तोच जाहीर होतो. बहुतेकदा तो पीएम १० किंवा २.५ असतो, आणि कण तर शहरभर पसरलेले असतात. वाहतुकीची खूण नायट्रोजन डायऑक्साइड (एनओ२). सीपीसीबीच्या (केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या) संकेतस्थळावर तुमच्या जवळच्या केंद्राचे घटकनिहाय आकडे मिळतात, त्यात एनओ२ बघा. आपलं वार्षिक मानक ४० मायक्रोग्रॅम, जागतिक आरोग्य संघटनेची २०२१ ची शिफारस १०. पीएम २.५ साठी आपलं ४०, त्यांचं ५. 'मर्यादेत आहे' असं वाचलं की कोणाच्या मर्यादेत, हे विचारा.

घरगुती लेझर सेन्सर ०.३ मायक्रॉनपेक्षा लहान कण धड पाहू शकत नाही. डिझेलच्या धुरातले अतिसूक्ष्म कण ०.१ च्याही खाली असतात. म्हणजे रस्त्याचं जे खास विष, तेच त्या डबीला अदृश्य. पावसाळ्यात उलटी चूक होते, दमट हवेत कण फुगतात आणि आकडा उगाच चढतो. तिसरी चूक स्वयंपाकघरातली. फोडणी, अगरबत्ती, डासांची कॉइल यांनी सेन्सर शेकड्यात जातो आणि दोष महामार्गाला मिळतो. रात्री दोन वाजता, गॅस बंद असताना, खिडकी उघडी आणि बंद ठेवून दोन्ही आकडे घ्या. तो फरक बाहेरचा.

---

अर्धवटराव

मग खिडकी कधी उघडायची? मुंबईत सायन-पनवेल महामार्गालगत किंवा पश्चिम द्रुतगती महामार्गालगत हजारो इमारती आहेत. घर बदला हा सल्ला फुकटचा आहे.

---

मोजपट्टी

रास्त प्रश्न. पश्चिम द्रुतगती महामार्गाचंच घेऊ, तो साधारण उत्तर-दक्षिण धावतो. दुपारी समुद्रावरून वारा येतो, म्हणजे धूर पूर्वेकडच्या इमारतींवर. रात्री आणि पहाटे, विशेषतः हिवाळ्यात, वारा जमिनीवरून समुद्राकडे, म्हणजे धूर पश्चिमेकडच्या इमारतींवर. दोन्हींत पहाट जास्त वाईट. ऊन पडल्यावर हवा वर उचलली जाते, धूर पातळ होतो. सूर्योदयाआधी हवा जमिनीला चिकटून बसलेली असते. लॉस एंजेलिसजवळ मोजलं तेव्हा दिवसा जो धूर ३०० मीटरमध्ये विरतो, तोच पहाटे दीड-दोन किलोमीटरपर्यंत ओळखू येत होता.

म्हणून रस्त्याकडच्या खिडक्या पहाटे पाच ते नऊ आणि संध्याकाळच्या गर्दीत बंद, दुपारी दोन ते पाच उघड्या. मागच्या बाजूची खिडकी रात्री थोडी उघडी, नाहीतर कार्बन डायऑक्साइड साचून डोकं जड होतं.

आणि पैसे न लागणारा उपाय: झोपायची खोली रस्त्याकडून काढून मागच्या बाजूला न्या. हवा तर सुधारतेच, पण आवाज जास्त महत्त्वाचा. रस्त्याच्या आवाजासाठी जागतिक आरोग्य संघटनेची रात्रीची शिफारस ४५ डेसिबल आहे. झोपेत माणूस जागा झाला नाही तरी रक्तदाब आवाजाला दचकतो.

---

कुंपण

एअर प्युरिफायर?

---

मोजपट्टी

हिशोब करूनच. खोली १० बाय १२ फूट, उंची १० फूट, म्हणजे १,२०० घनफूट, साधारण ३४ घनमीटर. तासाला पाच वेळा हवा गाळायची तर १७० घनमीटर प्रति तास सीएडीआर (यंत्र तासाला किती स्वच्छ हवा देतं तो आकडा) लागतो. पण खोक्यावरचा आकडा पूर्ण वेगाचा असतो, आणि त्या आवाजात कोणी झोपत नाही. रात्रीच्या वेगाला तो निम्म्याहून खाली येतो. म्हणून ३५० च्या आसपासचं यंत्र घ्या आणि मधल्या वेगावर चालवा. भिंतीपासून हातभर लांब ठेवा. पलंग आणि कपाटाच्या बेचक्यात ठेवलेलं यंत्र स्वतःचीच हवा पुन्हापुन्हा गाळतं.

हेपा (प्युरिफायरमधली बारीक गाळणी) कण अडवतं, एनओ२ वायू नाही. सक्रिय कोळशाचा पातळ स्पंज असतो तो नावापुरता.

उपयोग होतो का? डेट्रॉइटमध्ये ४० वयस्कर लोकांच्या घरात तीन-तीन दिवस गाळणी लावून पाहिली, वरचा रक्तदाब सरासरी ३ अंकांनी उतरला. लहान अभ्यास आहे, आणि झटके कमी होतात हे त्याने सिद्ध होत नाही.

---

तिठा

चालणाऱ्यांबद्दल कोणी लिहिलं नाही. हृदयरोग्याला रोज चालायला सांगतात आणि तो पहाटे साडेपाचला सर्व्हिस रोडवर चालतो.

---

हंसध्वनी

हाच मुद्दा लिहायला आलो होतो. लंडनमध्ये साठीच्या वरच्या लोकांना एकदा हाइड पार्कमध्ये आणि एकदा ऑक्सफर्ड स्ट्रीटवर दोन-दोन तास चालवलं. काही निरोगी, काहींना सीओपीडी (फुफ्फुसाचा जुनाट आजार), काहींना हृदयविकार. बागेत चालल्यावर धमन्या सैलावल्या, ऑक्सफर्ड स्ट्रीटवर तो फायदा बऱ्याच अंशी गेला. निकाल २०१८ मध्ये आला. त्या रस्त्यावर तेव्हा मुख्यतः डिझेलच्या बस आणि टॅक्सी होत्या.

याचा अर्थ चालणं बंद करा असा नाही. एका गणिती अभ्यासानुसार पीएम २.५ शंभर मायक्रोग्रॅम असतानाही चालण्याचा फायदा नुकसानाहून कमी पडायला दिवसाला दहा तासांहून जास्त चालावं लागेल, सायकलला दीड तास. पण तो हिशोब सर्वसामान्य लोकसंख्येचा आहे. स्टेंट बसलेल्या माणसाने तो स्वतःला लावू नये. एडिनबर्ग आणि स्वीडनमधल्या उमेओच्या संशोधकांनी आधी झटका येऊन गेलेल्या २० पुरुषांना पातळ केलेल्या डिझेल धुरात, ३०० मायक्रोग्रॅमवर, तासभर ठेवून मधूनमधून सायकल चालवायला लावली. हृदयाच्या स्नायूला रक्त कमी पडल्याची ईसीजीवरची खूण स्वच्छ हवेपेक्षा धुरात जास्त खोल गेली, आणि छातीत दुखलं कोणालाच नाही. त्यामुळे 'मला काही होत नाही' याला अर्थ नाही.

वेळ बदला. सकाळी नऊनंतर किंवा दुपारी चारच्या सुमारास. जागा बदला, मुख्य रस्त्यापासून दोन गल्ल्या आत. सिग्नलपाशी उभं राहून दम खाऊ नका. गाड्या थांबतात-निघतात तिथे धुरासोबत ब्रेकची धातूची भुकटीही असते, ती इलेक्ट्रिक गाडीनेही उडते.

मास्क घालायचाच तर आयएस ९४७३ या भारतीय मानकाचा एफएफपी२ किंवा एन९५. बीजिंगमध्ये ९८ हृदयरुग्णांवर पाहिलं, मास्कमुळे ईसीजीवरची खूण आणि रक्तदाब दोन्हींत थोडा फरक पडला. दाढीवर मास्क बसत नाही, कडेने हवा जाते. कापडी मास्क धुरासाठी निरुपयोगी.

---

कुंपण

नवीन फ्लॅट बघतोय, महामार्गापासून ८० मीटर, सतरावा मजला. वर गेल्याने प्रश्न सुटतो का?

---

मोजपट्टी

काही प्रमाणात. एनओ२ आणि अतिसूक्ष्म कण उंचीबरोबर घटतात, पीएम २.५ फारसं घटत नाही, कारण ते शहरभरचं आहे. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना उंच इमारतींची सलग रांग असेल तर मधे घळ तयार होते आणि धूर भोवऱ्यात वर चढतो, मग मजल्याचा फायदा घटतो. आवाज तर सतराव्या मजल्यावरही येतो.

जागेवर जाऊन तीन गोष्टी बघा. झोपायच्या खोलीची खिडकी कोणत्या बाजूला. ८० मीटर मोजताना मध्ये दुसरी इमारत आहे की मोकळी जागा. आणि सिग्नल, टोलनाका किंवा पुलाचा चढ किती लांब, कारण वेगात जाणाऱ्या गाड्यांपेक्षा थांबून उचल घेणाऱ्या गाड्या जास्त धूर सोडतात. शनिवारी दुपारी फ्लॅट दाखवतात, तेव्हा यातलं काही कळत नाही. कामाच्या दिवशी सकाळी आठला जा आणि बाल्कनीचं रेलिंग पांढऱ्या रुमालाने पुसून बघा. काळं आणि तेलकट निघालं तर ते रस्त्याचं. भुरकट आणि कोरडं निघालं तर बहुतेक शेजारच्या बांधकामाचं, ते दोन वर्षांनी थांबेल.